दिवसाउजेडी सांगितलेली गोष्ट

बाबा,

काल मी चर्चमध्ये मुलांना एक गोष्ट सांगितली, भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना. गोष्ट तुमची होती. अर्धी तुमची आणि अर्धी माझी म्हणू या, कारण तुम्ही ती मधेच टाकून उठलात आणि नंतर कधी तिच्याकडं वळून पाहिलं नाहीत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझी लेक, जिनं तुम्हाला पाहिलंसुद्धा नाही, ती आता माझ्या खांद्याला लागते. मी फिरूनफिरून आपल्याच गावात आले आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेवर बदली झाली म्हणून. चर्चवर पत्र्याच्या जागी आता स्लॅब आहे. तुम्ही लावलेला कडुनिंब मात्र तिथंच आहे, आणि त्याच्या बाजूच्या खिडकीखाली दर रविवारी मी मुलांची संडे स्कूल घेते. तुम्हाला लिहावंसं कधी वाटलं नाही असं नाही. पण लिहायला घेतलं की तो एकच दिवस समोर येऊन बसतो आणि मी पेन ठेवून देते.

तुम्ही पाळक होता, पण पंचक्रोशी तुम्हाला ओळखायची ती गोष्टीवाला पाद्रीबाबा म्हणून. आपली मंडळी ती केवढी, चार-दोन घरं. तरी रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर गावातली निम्मी माणसं येऊन बसायची. त्यांना उपासनेशी देणंघेणं नव्हतं. मालकाशी बोलणारी गाढवी, माणूस गिळून परत किनाऱ्यावर टाकणारा मासा, रानात पडलेली हाडं खडखडत उठून उभी राहतात ते, हे सगळं तुमच्या तोंडून ऐकायला ती यायची. आणि संध्याकाळी ओट्यावर तुम्ही दुसऱ्या गोष्टी सांगायचात, ज्या शास्त्रात कुठंच नव्हत्या, तुमच्या डोक्यातल्या होत्या. त्यात उडणारे रेडे असायचे, बोलणारी बाभळ असायची. तुमचा एक नियम होता. शास्त्रातली गोष्ट उभं राहून सांगायची, आपली बसून. आम्ही पोरं तेवढ्यावरून ओळखायचो की कुठली जपून ठेवायची आणि कुठली नुसती मजेनं खायची. एकदा कुणीतरी तुम्हाला म्हणालं, पाद्रीबाबा, तुमी असल्या खोट्या गोष्टी काहून सांगता? तुम्ही हसून म्हणालात, "खोटी काहून? बसून सांगितलेली हाये." त्या उत्तरात किती शहाणपण होतं ते मला या वयात कळतंय.

आणि मग तो हळदीचा दिवस. शेजारच्या शेतात हळद शिजवायला काढली होती. मोठी कढई चुलाणावर, वरून हळदीचा पाला आणि ओली पोती दाबलेली, खाली पऱ्हाट्या भडभड जळत होत्या आणि सगळ्या रानाला तो उग्र मातकट वास. आपलं सगळं घर मदतीला गेलं होतं. मामा पुसेगावहून निघाला होता. हळद शिजली की नाही हे काडी टोचून सांगण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून शेतमालकानं मुद्दाम निरोप धाडला होता. बायका कंद निवडत बसल्या होत्या आणि आम्ही पोरं कंटाळून तुमच्या मागं लागलो, गोष्ट सांगा म्हणून. तेवढ्यात एक म्हातारी ओरडली, "दिवसा गोष्ट सांगू न्हाई. मामा वाट चुकतो." हे तर आम्हा सगळ्यांना पाठच होतं. दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, म्हणून गोष्टी दिवेलागणीनंतर.

तुमच्यातला पाळक जागा झाला, बाबा. दर रविवारी तुम्ही तेच तर सांगत होता, की मांजराला, शिंकेला, अमावास्येला भ्यायचं नाही, आपल्याला त्यातून सोडवलंय. तुम्ही मांडी घालून बसलात, माझ्या धाकट्या भावाला मांडीवर घेतलंत आणि म्हणालात, "आत्ता सांगतो. दिवसाउजेडी सांगतो. बघू कोणाचा मामा चुकतो ते." बायका हसल्या. आई हसली नाही. तिच्या हातात पाल्याचा भारा होता. ती म्हणाली, "माझा भाऊ वाटंवर हाये. आज राहू द्या की." तुम्ही म्हणालात, "अगं, तो काय लेकरू हाये का?" आणि सुरुवात केलीत.

एक धनगराची पोर होती. तिची एक बकरी होती, एका कानावर पांढरा ठिपका असलेली. रानात एक विहीर होती, तिच्यात पाणी नव्हतं. वाकून पाहिलं तर खाली आभाळ दिसायचं, आणि त्या आभाळाखाली एक गाव. वरच्या जगात जे जे हरवतं ते ते त्या गावात जाऊन राहतं. हरवलेली जोडवी, वाट चुकलेली वासरं, म्हाताऱ्यांना न आठवणारी नावं, सगळी तिथं. ती बकरी विहिरीत उडी घेते. पोर दोर बांधून मागोमाग उतरते. घरोघर फिरून बकरी शोधते, तिला छातीशी धरते आणि वर बघते, तर दोर सुटून तिच्या पायाशी येऊन पडलेला. आता तिला वर कोण काढणार? इथं तुम्ही थांबलात. थांबून आमच्या तोंडांकडं बघायची तुमची सवयच होती. आम्ही श्वास धरून बसलो होतो. तेवढ्यात आई आली आणि म्हणाली, "एसटी कवाच गेली फाट्यावरनं. आवाज आला मला. तो अजून काहून आला न्हाई?" तुम्ही धाकट्याला खाली ठेवलंत आणि उठलात. बघून येतो, म्हणालात.

वारंगा फाट्यावरच्या चहावाल्यानं जे सांगितलं ते तुम्ही घरी येऊन आईला सांगितलंत, तेव्हा मी दारामागं होते. तो म्हणाला होता, पावणा बराबर फाट्यावर उतरला. डोक्यावर गाठोडं होतं. माझ्याकडं चहा पिला, हसला, बोलला, आणि नांदेडकडच्या रस्त्याला लागला. म्या हाक मारली, पावणं, तुमचं गाव हिकडं हाये. त्यानं वळून हात केला आणि तसाच चालत गेला. भर दुपार होती. हजार वेळा आलेला माणूस, आपल्या गावचा रस्ता त्याला डोळे मिटून सापडला असता. तुम्ही सायकलवर कुठंकुठं गेलात. वसमतचा दवाखाना झाला, नांदेडचं स्टेशन झालं, पोलीस झाले, रस्त्याकडेच्या विहिरी झाल्या. कुणी म्हणालं हैदराबादला पळाला असेल, कुणी म्हणालं ट्रकखाली आला असेल. काहीच सापडलं नाही. गाठोडंसुद्धा सापडलं नाही.

आई तुम्हाला एकदाच बोलली. भाकरी थापता थापता, तुमच्याकडं न बघता म्हणाली, "तुमी गोष्ट सांगितली." बस्स. पुन्हा तो विषय तिनं मरेपर्यंत काढला नाही, आणि मला वाटतं तिनं रोज टाकून बोललं असतं तर तुमच्यासाठी बरं झालं असतं. त्या दिवसापासून तुम्ही कधी बसून गोष्ट सांगितली नाहीत. उभं राहूनही सांगितली म्हणता येणार नाही. गाढवी राहिली, मासा राहिला, पण तुम्ही त्यांना नुसतं वाचून दाखवायला लागलात, वचन, अर्थ, बोध, आमेन. पायऱ्यांवरची माणसं हळूहळू यायची थांबली. हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यावर, नव्व्याण्णव सोडून एकाला शोधायला निघणाऱ्या मेंढपाळाच्या त्या गोष्टीवर, तुम्ही पुन्हा कधी उपदेश केला नाहीत. मंडळीच्या ते ध्यानात आलं नाही, आईच्या आलं होतं. त्या दाखल्याचा रविवार जवळ आला की ती तुमच्याकडं बघत बसायची आणि तुम्ही दुसरंच पान उघडायचात.

आणि मी? मामा गेला त्याचं दुःख मला होतंच, पण लाज वाटते सांगायला, मला त्याहून जास्त छळलं ते त्या पोरीनं. तिला तुम्ही विहिरीत सोडून उठला होता. मोठी झाले, डी.एड. केलं, लग्न झालं, ती तिथंच उभी. बकरी छातीशी धरून वर बघत. कुठल्याही विहिरीपाशी गेले की मी वाकून बघते आणि पाणी दिसलं की जीव भांड्यात पडतो. एसटीनं फाट्यावरून जाताना नांदेडच्या रस्त्याला पाठमोरा एकटा माणूस चालताना दिसला की मी मान वळवून बघत राहते, तो लहान होत दिसेनासा होईपर्यंत. असा माणूस दर वेळी दिसतोच. फाट्यावर माणसं चालणारच, हे मला कळतं. कळून काय उपयोग?

तुमच्या शेवटच्या आजारपणात तुमची शुद्ध जात-येत होती. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला की तुम्ही डोळे उघडून विचारायचात, "आला का?" मी म्हणायची, कोण, बाबा? तुम्ही परत डोळे मिटायचात. डॉक्टर येणार होते, धाकटा येणार होता, मी त्यांच्यापैकीच कुणीतरी धरून चालले. तुम्ही गेल्यावर, तुमची खाट धुऊन उन्हात टाकताना, एकदम कळलं की तुम्ही कोणाची चौकशी करत होता. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मानगुटीवर बसलाय. आयुष्यभर दुसऱ्यांना भिऊ नका म्हणणारे तुम्ही, मनातून मानत होता का, की तुमच्या गोष्टीनं तो वाट चुकला? मानत असाल तर तुमचे सगळे उपदेश गेले कुठं? आणि मानत नसाल तर तोंड का मिटलंत, बाबा?

मी ते मिटलेलं तोंडच पुढं चालवलं. माझ्या लेकीला मी कधी एक गोष्ट सांगितली नाही, शास्त्रातल्या सोडून. तिनं त्या बाहेरून मिळवल्या. मोबाईलवर ती ड्रॅगनचे सिनेमे बघते, जादूगार पोरांची जाडजाड पुस्तकं शाळेच्या लायब्ररीतून आणते, वहीच्या मागच्या पानावर पंखांचे घोडे काढते. यंदा संडे स्कूलमधल्या एका पोरानं सिनेमातल्या वीरासारखा गळ्याला टॉवेल बांधून गोठ्यावरून उडी मारली आणि हात मोडून घेतला. मंडळीत चर्चा झाली. आपले नवे पाळक तरुण आहेत, मनानं चांगले आहेत, पण त्यांना काळजी वाटते. ते म्हणाले, पोरांच्या डोक्यात जादूटोणा भरतोय, हे थांबलं पाहिजे. मी म्हणाले, गोष्टच आहे ती, पोरं मोठी होतील. तर आपल्या मंडळीतले सगळ्यात वयस्कर काका, तुमच्या हातून बाप्तिस्मा घेतलेले, काठी टेकून उठले. "तुला ती गोष्ट हाये, बाई. माझ्या बहिणीला भानामती करते म्हणून गावानं मारलं होतं. आमी त्यातून उठून इथं आलो. आता ती भीती तुमी मोबाईलात घालून परत घरात आणून राहिले." ते चुकत नव्हते. ज्याला भुतानं खरंच खाल्लंय त्याला भुताच्या गोष्टीत गंमत कशी वाटेल?

ठरलं असं की उन्हाळी शिबिरात मी, सगळ्यांत जुनी शिक्षिका आणि तुमची मुलगी म्हणून, मुलांना हे सगळं सोडायला सांगायचं. लेकीनं ते ऐकलं. त्या दिवशी तिनं वहीची ती मागची पानं फाडून चुलीत घातली, आपणहून. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "आई, गोष्ट ऐकली की पाप लागतं का?" आणि थोड्या वेळानं, "तू मला कधीच का नाही सांगितलीस?" तिचा तो न बघता बोलायचा ढंग हुबेहूब आईचा. एक तोंड मिटलं होतं, दुसरं मिटलं, आता हे तिसरं माझ्या डोळ्यांदेखत मिटत होतं.

काल दुपारी शिबिराची मुलं खिडकीखाली जमली. पाळक मागच्या बाकावर, काका दाराशी खुर्चीत. मी उभी राहिले आणि हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगितला, जो या चर्चमध्ये तुमच्या तोंडून त्या हळदीच्या दिवसानंतर कुणी ऐकला नव्हता. मग मुलांना तुमचा नियम समजावला. म्हटलं, उभं राहून सांगितलेल्या गोष्टीवर आपण जगतो. बसून सांगितलेलीनं नुसतं मन मोठं होतं. त्या दोन्हींची सरमिसळ केली की हात मोडतो. आणि जिच्यामुळं कुणाला मारलं जातं ती गोष्टच नव्हे, ते खोटं आहे. काकांनी मान हलवली की नाही ते मला दिसलं नाही. मग मी सतरंजीवर मांडी घालून बसले. लगेच एक पोरगं ओरडलं, "मॅडम, दिवसा गोष्ट? मामा वाट चुकतो!" सगळी खिदळली. माझी लेक म्हणाली, "माझा मामा तर आज येणार आहे." धाकटा हिंगोलीहून मोटारसायकलवर यायचा होता, सुट्टीत भाचीला बघायला. मी म्हटलं, "काही होत नाही. आपण असल्या गोष्टींना भीत नाही." अगदी तुमच्या आवाजात.

धनगराची पोर, बकरी, विहीर, खालचं आभाळ. सगळं जसंच्या तसं आलं, बाबा, जणू कढई आत्ताच उतरवली होती. दोर पायाशी पडला तिथं मी थांबले, कारण पुढचं मला माहीत नव्हतं. मुलं श्वास धरून बघत होती. आणि मग मी स्वतःलाच बोलताना ऐकलं. त्या गावात एक माणूस होता, डोक्यावर गाठोडं घेतलेला. भर दुपारी आपल्याच घराची वाट चुकून तो तिथं आला होता. त्यानं त्या पोरीला बघितलं आणि गाठोडं खाली ठेवलं. तिला खांद्यावर उभं केलं, बकरी तिच्या हातात दिली आणि टाचा उंचावल्या. पोरीचा हात विहिरीच्या काठाला लागला. ती वर आली. बाहेर ऊन होतं. तिनं वाकून खाली बघितलं, तर तो अजून वरच बघत होता, तिला हात करून.

मग माझ्या लेकीनं विचारलं, "आणि त्याला कोण वर काढणार?" मागच्या बाकावरून पाळकच म्हणाले, हळूच, मुलांना की मला ते कळलं नाही, "काढील कुणीतरी. त्याला तसं ठेवून कसं चालेल?" त्या तरुण पाळकाबद्दल, बाबा, माझ्या मनातली सगळी अढी तिथं गेली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मी कडुनिंबाखाली जाऊन उचलला. धाकटा होता. म्हणाला, "ताई, संपली का गोष्ट? निघू का?"

आता हे तुम्हाला एकट्याला सांगते. सकाळीच मी त्याला फोन करून सांगितलं होतं की फाट्यावर पोचलास की तिथंच चहा पीत बस, मी म्हणेपर्यंत पुढं निघायचं नाही. कारण सांगितलं नव्हतं. गोष्टीचा तर शब्द काढला नव्हता. त्यानंही काहून म्हणून विचारलं नव्हतं. नुसतं म्हणाला होता, "बरं, बसतो." तुमच्या मांडीवरून खाली ठेवलेला तो, इतका लहान होता की त्याला काही आठवत नसेल असंच मी धरून चालले होते. मी म्हटलं, "संपली. ये."

तुमच्यावर मी इतकी वर्षं उगाच प्रश्न धरून बसले होते. हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी टाकलं नसतं. पण तुम्ही विचारत होता तेवढं सांगते. आला, बाबा. ऊन असतानाच आला. गाडीचा आवाज अंगणात येईपर्यंत मी दारातून हलले नाही, आणि तो आत येऊन पाणी प्यायला तरी माझी नजर रस्त्यावरच होती, अजून कुणी यायचं राहिलंय म्हणून.